टपाखालचा झोपाळा

नागपूर, जुनी मंगळवारी
ता. ३ नोव्हेंबर १९४६

ती. ताईस गिरिधरचा नमस्कार.

आईचा खोकला दिवाळीनंतर थांबला. मी बरा आहे. भाऊजींनी फौजेच्या लिलावात घेतलेली लॉरी काल आमच्या बाबाराव उस्तादांच्या कारखान्यात आली.

तिला पाहून मला प्रथम भीतीच वाटली. रंग शेवाळासारखा, तोंड बोथट, पुढे लोखंडी दोराचे मोठे रीळ, आणि टायरांना बोटबोटभर उंचीचे रबरी दात. आम्ही चाके काढून तिला लाकडी ठोकळ्यांवर उभी केली आहे. आता ती पाय पोटाशी घेऊन बसलेल्या म्हशीसारखी दिसते आणि भीती कमी वाटते. तिच्यावर टप नाही, मागे बसायला बाक नाही, दिवा एकच. काय काय बसवायचे ते भाऊजींनी उस्तादांना सांगितले आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सामान तू निवड गा. तुझं डोकं बारीक आहे." तेव्हापासून मला जेवण जात नाही.

आईने मला ती गोष्ट सांगितली. तोंडातून काढायची नाही असेही सांगितले, म्हणून लिहीत नाही. पण पहिल्या वेळी तू बैलगाडीने इकडे निघाली होतीस आणि सूर नदीच्या अलीकडेच सगळे संपले, हे मी विसरलेलो नाही. दुसऱ्या वेळी धक्क्यांच्या भीतीने तू तिकडेच राहिलीस, आणि तिकडे डॉक्टर नव्हता. या वेळी बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे की सातव्या महिन्यात तुला इथे आणून ठेवायचे, पण वाटेत धक्का बसता कामा नये. म्हणजे ही लॉरी लाकडे वाहण्याआधी तुला आणणार. मी जे बसवीन ते त्या एका दिवसासाठी. बाकीचे दिवस भाऊजींचे.

एक काम कर. मला रस्ता लिहून पाठव. तुझ्या अंगणापासून सुरुवात कर आणि जिथे जिथे गाडी आपटते ते सगळे लिही. मी मोहखेडीला दोनदा आलो आणि दोन्ही वेळा गाडीत झोपलो होतो.

तुझा,
गिरिधर


मोहखेडी
ता. १० नोव्हेंबर

चि. गिरू,

तुझी म्हैस वाचून मी एवढी हसली का खाट हालली, आन सासूबाई धावत आल्या. "काहून वं, काय झालं?" म्हटलं, काही नाही, भावाचं पत्र आहे. तं म्हणे, "भावाले सांग, हसवू नको."

मी पडूनच राहते आता. उठाची मनाई, वाकाची मनाई. आन तुले सांगते, घरात आणखी एक दंडक आहे. कापड फाडाचं नाही, सुईत दोरा ओवाचा नाही, माळ्यावरचा पाळणा खाली काढाचा नाही. दोन वेळा सारं तयार केलं होतं, आन दोन्ही वेळा तसंच गाठोड्यात बांधून ठेवा लागलं. ते गाठोडं सासूबाईनंच बांधलं. म्हणून यावेळी काहीच नाही. लॉरीले मात्र मनाई नाही. ते लाकडं वाहाची आहे ना!

आता रस्ता आयक. अंगणातून निघालं का चिंचेखाली मुळ्या आहेत. तिथं गाडी अशी उसळते का दात वाजतात. मग मोहाच्या झाडांची ओळ. तिथं धूळ मऊ आहे, पिठासारखी. चाकाचा आवाजच येत नाही. वाटते का आपण जाऊनच नाही राहिलो, झाडंच मागं चालून राहिली. मग शेंदऱ्या दगड. त्याले कोणी हात लावत नाही, सारे बाजूनं वळतात, आन वळता वळता एक चाक खड्ड्यात जाते. मग नदी. पाणी घोट्याएवढं, पण रेती ओढते, बैल तोंडाले फेस आणतात. पलीकडची चढण अशी का निस्तं आभाळ दिसते. मग रामटेकचा गड दिसला का पक्की सडक आली समज. मनसर, कन्हानचा पूल, कामठी, आन आपलं घर.

मी रोज खाटेवरून त्या रस्त्यानं येते. काल नदीपर्यंत आली आन तिथंच झोप लागली.

तुझी ताई,
गोपिका


नागपूर
ता. १९ नोव्हेंबर

ती. ताईस नमस्कार.

तुझा रस्ता मला आता पाठ आहे. दुपारी उस्ताद जेवायला गेले की मी लॉरीत चढतो, चक्र हातात धरतो आणि डोळे मिटतो. चाके नसल्यामुळे लॉरी फार छान चालते. चिंचेपाशी मी वेग कमी करतो. मोहाच्या ओळीत तर काहीच करावे लागत नाही, पिठावरून हात फिरवावा तशी ती जाते. काल शेंदऱ्या दगडापाशी वळताना उस्ताद परत आले. "कुठपर्यंत पोहोचला गा?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "नदी यायची आहे." ते म्हणाले, "मंग उतर आन माह्या हातावर पाणी घाल. तेच नदी समज."

आता सामानाचे सांगतो. नवे दातेरी टायर पक्क्या सडकेवर लॉरीला थरथरवतात आणि गुळगुळीत टायर रेतीत रुततात. यावर मी चार रात्री विचार केला आणि निम्मे झिजलेले दातेरी टायर शोधून आणले. ते थरथरवत नाहीत, आणि नदीपाशी त्यांतली थोडी हवा सोडली की रेतीवर पसरून चालतात. उस्ताद साऱ्या कारखान्याला सांगत सुटले आहेत, "दुनिया नवे टायर शोधते, हा पोट्टा झिजलेले शोधून राहिला!"

पुढचे रीळ काढून तिथे चकचकीत बंपर लावावा असे भाऊजींचे मत होते. त्या रिळाला विंच म्हणतात. लॉरी रुतली तर दोर समोरच्या झाडाला बांधायचा, रीळ फिरवायचे, म्हणजे लॉरी स्वतःला ओढून बाहेर काढते. तू रेतीचे लिहिलेस म्हणून मी ते ठेवले आहे. बंपर शोभेचा आहे.

हॉर्न भाऊजींनी स्वतः सदर बाजारात पसंत केला होता, विजेचा. दुकानदाराने वाजवून दाखवला तेव्हा बाहेरच्या टांग्याचा घोडा दोन पायांवर उभा राहिला. तो हॉर्न मी आणला, पण खोक्यातच ठेवला आहे. सध्या रबरी फुग्याचा भोंगा लावला आहे. बदक बोलल्यासारखा वाजतो. तू दचकणार नाहीस.

अडले आहे ते कमानींपाशी. लॉरी ज्या पोलादी कमानींवर बसते त्यांत भाऊजींना आणखी पट्ट्या हव्या आहेत, म्हणजे ओंडक्यांचे वजन पेलेल. पण कमान जेवढी कडक तेवढा रिकाम्या लॉरीत धक्का जास्त. उस्तादांनी मला सरळ सांगितले, "भरली लॉरी डुलते, रिकामी लॉरी आपटते. तुह्या बहिणीचं वजन ते काय? लॉरीच्या हिशेबानं ते रिकामीच." मला पट्ट्या काढायच्या आहेत. तू भाऊजींना विचारतेस का?

गिरिधर


मोहखेडी
ता. २७ नोव्हेंबर

चि. गिरू,

विचारलं. म्हणाले, कमान कडकच पाहिजे. साग काय कापूस आहे? जंगलाचा ठेका या साली पुरा नाही झाला तं पुढच्या साली दुसऱ्याले जाईल, मग लॉरी अंगणात ठेवून तिले काय हळद-कुंकू लावाचं? मलेबी पटते गा. तू मनात राग नको धरू.

पण माणूस जरा इचित्र झालं आहे. बोलणं आधीच कमी, आता तेबी बंद. रोज तिसऱ्या पहरी कुदळ घेऊन जातात आन दिवेलागणीले येतात, धोतर धुळीनं भरलेलं, हाताले फोड. मी म्हटलं, कुठं गेले होते? म्हणे, लाकूड पाह्याले. कुदळ घेऊन कोणतं लाकूड पाहतात बापा? मले वाटते जंगलात काही भांडण झालं आहे आन मले सांगत नाहीत. तुले काही म्हणाले का?

आणखी एक नवल. चिंचेखालच्या मुळ्या कोणी तरी तोडून नेल्या. सरपणाले नेल्या असतील.

तुझ्या दुपारच्या लॉरीत मले एक जागा ठेवत जा. खाटेपेक्षा बरी.

गोपिका


नागपूर
ता. १२ डिसेंबर

ती. ताईस नमस्कार.

भाऊजींचे जंगलात भांडण झालेले नाही. ते कोणते लाकूड पाहतात ते मला तुझ्या पत्रावरून कळले. पण त्यांनी तुला सांगितले नाही, तर मीही सांगत नाही.

कमानींत पट्ट्या घातल्या. कडक झाल्या आहेत. दोन दिवस मी नुसता कमानींभोवती फिरत होतो. मग तिसऱ्या दिवशी मला वाटले, लॉरी आपटली तर आपटू दे, तुला ती टेकलीच नाही तर? टपासाठी लोखंडी कमट्या बसवल्या होत्या, जाड, दोन्ही बाजूंना आवळलेल्या. त्यांना मी चार साखळ्या अडकवल्या आणि साखळ्यांना सागाची एक लांब बैठक टांगली. तिला चहूबाजूंनी कठडा आहे, आत सावरीच्या कापसाची गादी आहे. साखळ्यांवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आहे, म्हणजे खणखण होत नाही. कोपऱ्यांना चार दोऱ्या खाली बांधल्या आहेत, म्हणजे झोका फार लांब जात नाही. खाली लॉरीने काहीही करावे, वर फक्त हेलकावा येतो.

उस्तादांना आत निजवून मी लॉरी कॉटन मार्केटच्या खड्ड्यांतून फिरवून आणली. उतरून विचारले, "धक्का बसला का?" ताडपत्री उचलून पाहतो तो उस्ताद घोरत होते. उठले तेव्हा एवढेच म्हणाले, "पोट्ट्या, हे लॉरी आहे का डोली?" पण संध्याकाळी त्यांनी मला स्वतःचा चहा दिला.

रंग काळजीपूर्वक निवडला आहे. बाहेर भाऊजींचा लाल, आणि टपाच्या आतून फिकट निळा. तू उताणी निजशील, तेव्हा तुला पाहायला काही तरी असावे.

लॉरी सोमवारी भैयाजी ड्रायव्हरबरोबर पाठवतो. ते मोहखेडीलाच राहतील आणि संक्रांतीनंतर तुला घेऊन येतील. मी रोज दुपारी आता कुठे बसावे हा प्रश्न आहे. ठोकळे तसेच पडले आहेत.

गिरिधर


मोहखेडी
ता. २० डिसेंबर

चि. गिरू,

लॉरी आली. सारं गाव गोळा झालं. मले खाटेसकट दारापर्यंत आणलं होतं. तुझं बदक बोललं, पोरं नाचली. भैयाजीनं मागची ताडपत्री वर केली. लॉरी थांबली होती, पण आतली बैठक हालतच होती. हळू हळू. माहा जीव असा निवला का काय सांगू. वाटलं, आत्ताच जाऊन निजावं.

तेवढ्यात सासूबाईनं पाह्यलं. त्याईच्या हातचा ओवाळाचा भाकरतुकडा खाली पडला. "हे काय आहे?" भैयाजी म्हणे, "सूनबाईची बसाची जागा." "चार साखळ्या, कठडा, गादी. मले शिकवतं काय रे? पाळणा आहे हा! आन नागपूरपासून इथपर्यंत रिकामा हालवत आणला?"

गिरू, तुले माहीत आहे ना, रिकामा पाळणा हालवत नाहीत. आपली आईबी हात धरे आपला. बाया दोन पावलं मागं सरल्या. एकजण सासूबाईले म्हणे, जिजाबाई, अठ्ठावीस कोस हालला. दुसरी म्हणे, बाई, मोजू नका.

सासूबाई बाजेवर बसून राहिल्या. ओरडल्या असत्या तं बरं होतं. निस्तं म्हणाल्या, "माहा दंडक मोडला. कोणी मोडला तं भावानं मोडला." आता म्हणतात, त्या लॉरीत मी तुले पाय ठेवू देत नाही. बैलगाडीत बी नाही. इथंच राहाचं.

मी आधी हसली. आता हसू येत नाही. रात्री मी रस्त्यानं निघाली तं अंगणाबाहेरच पडता आलं नाही.

गोपिका


नागपूर
ता. २४ डिसेंबर

ताई,

पत्र वाचल्यापासून माझे हात कामाला लागत नाहीत. मी प्रत्येक साखळी मापली, प्रत्येक कडी ओढून पाहिली, आणि चार साखळ्या आणि एक कठडा मिळून काय होते ते माझ्या ध्यानात आले नाही. आईला सांगितले. ती देवापुढे जाऊन बसली.

भैयाजींना सांग, साखळ्या तोडून टाका. गादी चुलीत घाला. पण मग तू कशी येशील? कमानी कडक आहेत. वाळूची पोती भरून लॉरी जड करता येईल, पण नदीत रुतेल. मी सगळे उलटसुलट करून पाहिले. तू त्या बैठकीत आली नाहीस तर येऊ शकत नाहीस, आणि तिकडे राहिलीस तर डॉक्टर नाही.

उस्तादांनी विचारले तेव्हा त्यांनाही सांगितले. त्यांनी पाना पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या माउलीले दोष नको देऊ गा. तिनं दोन गाठोडी बांधली आहेत."

मी येऊ का? पाया पडतो त्यांच्या. तू सांगशील ते करतो.

गिरिधर


मोहखेडी
ता. १६ जानेवारी १९४७

चि. गिरू,

येऊ नको. तुझी गरज नाही पडली. नीट आयक.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तुझे भाऊजी रामटेकच्या बाजारातून आले. लॉरीपाशी गेले, आत हात घातला, आन एक वरवंटा घेऊन घरात आले. सासूबाईपुढं ठेवला. म्हणाले, "माय, पाळणा रिकामा नव्हता. हा होता त्यात. नागपूरहून मागवला होता, तुह्यासाठी. भैयाजीनं फुटू नये म्हणून गादीवर ठेवला. मी सांगाले विसरलो."

तुले आठवते ना, बारशाले बाळाच्या आधी वरवंटाच पाळण्यात घालतात. वरवंटा होता म्हणजे पाळणा भरला होता.

गिरू, या माणसानं लग्न झाल्यापासून माह्याशी एवढं लांब वाक्य बोललं नाही. आन वरवंट्याले रामटेकच्या बाजाराची लाल माती लागलेली. पाथरवटाच्या टाकीचे घाव ताजे. मले खाटेवरून दिसत होते, तं त्याईले हातात घेऊन दिसले नसतील काय? त्याईनं तो उलटा केला, सुलटा केला, अंगठ्यानं माती पुसली. लेकाच्या तोंडाकडं पाह्यलं. त्याच्या हातावरचे फोड पाह्यले.

म्हणाल्या, "इसरभोळाच आहेस तू. बापावर गेला."

मग उठल्या, आतल्या कोठीत गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तं हातात एक टोपडं. हिरव्या खणाचं, लाल गोंडा, बोटाएवढाले टाके. नवं. गिरू, साऱ्या घराले सुईची मनाई, आन त्या कोठीत बसून शिवून राहिल्या होत्या! मी काही बोलली नाही. त्याईनंबी माह्याकडं पाह्यलं नाही. वरवंट्याले टोपडं घातलं, बंद बांधले, लॉरीत नेऊन गादीवर निजवला, आन बैठकीले आपल्या हातानं एक झोका दिला.

"आता भैयाजीले सांगा, हळू चालव. दोघं आहेत."

उद्या सकाळी निघतो. सासूबाई घर सोडत नाहीत, हे आहेत संगं. शेंदऱ्या दगडापाशी खड्डा नाही म्हणतात आता. मले आत्ता कळलं, कुदळ घेऊन ते कोणतं लाकूड पाहत होते.

गोपिका


नागपूर
ता. १८ मार्च १९४७

ती. जिजाबाई मावशींस गिरिधरचा साष्टांग नमस्कार.

तुम्हांला हे पत्र भाऊजी वाचून दाखवतील. पण आधी एक विनंती. ते इथवर वाचत आले की त्यांना थांबवा, अंगणात जा आणि लॉरीची मागची ताडपत्री उचला. मग येऊन पुढचे ऐका.

ताई जानेवारीत इथे आली तेव्हा लॉरी इतकी हळू येत होती की कामठी रोडवर बैलगाड्या तिला मागे टाकून जात होत्या. भाऊजी पुढे पायी चालत होते. मी विचारले, "ताई, नदीत काय झाले?" ती म्हणाली, "नदी आली होती काय?" रेतीत लॉरी रुतली होती, भैयाजींनी दोर पलीकडच्या झाडाला बांधून रिळाने ओढून काढली, आणि ताई टपाचा निळा रंग पाहता पाहता झोपली होती. वरवंटा तिच्या कुशीत होता.

त्यानंतर लॉरी तुमची लाकडे घेऊन येत राहिली. भाऊजी दर खेपेला भैयाजींना बैठक वर बांधून ठेवायला सांगत, पण काढू देत नसत. परवाही लॉरी साग घेऊन आली आणि कारखान्यात उभी होती, म्हणून हे पत्र टपालाने न पाठवता तिच्याबरोबरच पाठवतो आहे. विजेचा हॉर्न आज मी स्वतः बसवला. आता दचकायची कोणाला मनाई नाही. भैयाजींना तोंड बंद ठेवण्याची शपथ घातली आहे, पण हॉर्नला घातलेली नाही. मोहाच्या ओळीपासून तो ऐकू आला असेल.

झोपाळा रिकामा पाठवायचा नाही हे मला आता कळते. म्हणून तुमचा वरवंटा गादीवर निजवून, दोन्ही बाजूंना उशा लावून परत पाठवला आहे. तो उघडाच आहे, हे तुम्ही पाहिलेच असेल. टोपड्याचे बंद थोडे सैल करावे लागले. मुलीचे डोके मोठे आहे, भाऊजींसारखे. ती आत्ता ते घालून झोपली आहे, आणि ताई जागी आहे.

आपला,
गिरिधर